दहावीचा हजेरीपट मिटताना

दहावीचा निकाल १३ मे रोजी लागला. राज्याचा ९४.१० टक्के आणि आपला नागपूर विभाग ९०.७८ टक्के घेऊन नऊ विभागांत शेवटचा. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत एवढे छापून आले आणि विषय संपला. आमच्या वर्गाचा विषय मात्र इतक्यात संपत नाही. गुणपत्रिकेत मावणार नाही असे बरेच काही या मुलांनी वर्षभरात केले. त्यातले निम्मे तरी 'करू नका' असे बजावल्यानंतर केले.

भंडारा जिल्ह्यातला उर्दू माध्यमाचा वर्ग. हजेरीपटावर ४१ नावे, २३ मुली आणि १८ मुले. आम्ही त्यांना मराठी शिकवतो आणि उर्दूचे तासही घेतो. त्यामुळे दोन्ही भाषांत बहाणे ऐकण्याचे भाग्य आमच्या वाट्याला येते.

आपल्याकडे शाळा उघडते तीच रोवणीच्या तोंडावर. जुलै-ऑगस्टमध्ये निम्मा वर्ग बांधीत असतो. ज्यांच्या घरची शेती आहे त्यांचे आम्ही समजू शकतो. पण शेवटच्या बाकावरचा एक जण चार दिवसांनी उगवला आणि म्हणाला, "सर, रोवणीला गेलो होतो." त्याच्या अब्बूंचे शिवणकामाचे दुकान. आम्ही विचारले, "धान लावला कुठे, मशीनवर?" तो म्हणाला, "मामूंच्या बांधीत." मामूंचे गाव कोणते, असे विचारल्यावर प्रामाणिकपणे उत्तर आले, "भिवंडी." भिवंडीत यंत्रमागांच्या मधोमध धानाची रोवणी करून आलेला हा महाराष्ट्रातला पहिला विद्यार्थी असावा.

या मुलांच्या वह्या एकदा पाहण्यासारख्या आहेत. नवी वही महाग, म्हणून रफ वही एकच. उर्दू उजवीकडून सुरू होते, मराठी डावीकडून. जुलैमध्ये दोघी एकमेकींपासून लांब असतात, रोज एकेक पान पुढे सरकतात आणि डिसेंबरच्या सुमारास वहीच्या मध्यावर त्यांची गाठ पडते. मधल्या पानावर अर्ध्या भागात गझलेचे रसग्रहण आणि अर्ध्या भागात मुख्याध्यापकांना रजेचा अर्ज, असा संसार थाटलेला असतो.

दोन भाषा एकाच घरात राहिल्या म्हणजे भांडी वाजणारच. निबंधात एकाने लिहिले, "दोघा भावांचे भांडण झाले होते, पण शेवटी राजीनामा झाला." उर्दूत राजीनामा म्हणजे समझोता, मराठीत नोकरी सोडण्याचा कागद. दुसऱ्याने तळमळीने लिहिले, "प्रत्येक मुलाला शिक्षा मिळालीच पाहिजे." शिक्षण म्हणायचे होते बिचाऱ्याला. आम्ही म्हटले, तुझ्यापासून सुरुवात करू या. आणि पहिल्या बाकावरच्या एका मुलीने लिहिले, "मला उच्च तालीम घ्यायची आहे." मराठीत तालीम म्हटली की लाल माती, लंगोट आणि शड्डू. हे वर्गाला सांगितल्यावर पुढचे आठ दिवस त्या मुलीला सगळे 'पहिलवान' म्हणत होते. तीही कमी नाही. नववा दिवस उजाडला तेव्हा तिने चिडवणाऱ्यांपैकी तिघांना पाठांतराच्या स्पर्धेत चीत केले होते.

गंमत सोडली तर या गोंधळाची दुसरी बाजूही आहे. हजेरी, गैरहजर, दप्तर, कागद, शाई, तारीख हे शब्द फारसी-अरबीतूनच मराठीत आले आणि इथलेच झाले. मुलांना हे कळले तेव्हा मराठीची भीती निम्म्याने उतरली. "म्हणजे सर, अर्धी मराठी आम्हाला येतेच!" उरलेल्या अर्ध्या मराठीत 'ळ' आणि 'ण' आहेत, हे आम्ही त्यांना हळूहळू सांगितले.

नोव्हेंबरमध्ये विधानसभेची निवडणूक आली. २० तारखेला मतदान, आणि मास्तर मंडळी ड्युटीवर. परत येऊन पाहतो तर वर्गाने मॉनिटरची निवडणूक लावलेली. चिठ्ठ्या, शिक्का, बोटाला शाई, सगळे यथासांग. मतदार ४१, त्यातले तीन गैरहजर आणि पेटीत मते ४३. फेरमतदानात 'पहिलवान' निवडून आली आणि तिने पहिला हुकूम काढला, मतमोजणी करणाऱ्यांनी आठवडाभर फळा पुसायचा.

३ जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती केली. सावित्रीबाईंनी १० ऑक्टोबर १८५६ रोजी जोतिरावांना माहेराहून पत्र लिहिले. आपण आजारपणामुळे दूर असल्याने कामाचा भार फातिमावर पडला असेल, याची काळजी त्या पत्रात आहे. हे सांगून झाल्यावर एका मुलीने हात वर केला, "सर, फातिमा शेख दहावीला कोणत्या सेंटरवर होत्या?" वर्ग हसला. आम्ही म्हटले, त्यांना सेंटर कोण देणार होते? सेंटर त्यांनी तुमच्यासाठी उघडून दिले. मग मात्र कोणी हसले नाही.

वर्गात हसू नव्हतेच असाही एक दिवस आला. २४ जानेवारी, शुक्रवार. जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत स्फोट झाला आणि आठ कामगार गेले. त्या कारखान्यात कोणाचे ना कोणाचे ओळखीचे माणूस असतेच. त्या दिवशी आम्ही काही शिकवले नाही. मुलांनीच उठून दुआ मागितली, नावे माहीत नसलेल्यांसाठी.

परीक्षा २१ फेब्रुवारीला सुरू झाली. १ मार्चला इंग्रजीचा पेपर झाला आणि संध्याकाळी रमजानचा चाँद दिसला. एका मुलाचे म्हणणे असे की इंग्रजी सुटल्याच्या आनंदात त्याला चाँद सगळ्यांच्या आधी दिसला. बीजगणित ५ मार्चला, म्हणजे चौथ्या रोज्याला. अल्जिब्रा हा शब्दच अल्-ख्वारिझ्मी यांच्या ग्रंथाच्या नावातल्या 'अल्-जब्र'वरून आला, असे धीर देण्यासाठी सांगितले, तर मागून आवाज आला, "सर, म्हणूनच इतका जबर आहे." भूमिती ७ तारखेला, रमजानचा पहिला जुमा. पेपर सुटल्यावर मुले धावत मशिदीत पोचली. त्या दिवशीच्या दुआंत प्रमेयांचा वाटा किती होता, हे अल्लाहलाच ठाऊक. १४ तारखेला धुळवड आणि दुसऱ्याच दिवशी इतिहास. मुलांनी रंग खेळणाऱ्या शेजारच्या दोस्तांना खिडकीतूनच हात दाखवला. एकाच पेपरची धास्ती दोन्ही घरांत होती, त्यामुळे दुपारी रंग धुऊन ते दोस्तही पुस्तक घेऊन बसले.

आणि निकाल? २३ मुली, २३ पास. मुलांत १८ पैकी १६. अडकलेल्या दोघांनाही अकरावीत एटीकेटीने जाता येते आणि राहिलेला विषय पुरवणी परीक्षेत सोडवता येतो, तेव्हा त्यांच्या घरच्यांनी आभाळ कोसळल्यासारखे करू नये. राज्यातही चित्र असेच. मुली ९६.१४ टक्के, मुले ९२.३१.

पेढे खाऊन झाल्यावर आम्ही एकेका घरी विचारले, आता पुढे काय? मुलांच्या घरी उत्तर तयार होते. अकरावी, आयटीआय, पॉलिटेक्निक. मुलींच्या २३ घरांपैकी नऊ घरांत एकच शब्द मिळाला, "बघू." पास न झालेल्या दोन्ही मुलांच्या घरी 'बघू' नव्हते. ८१ टक्के मिळवलेल्या मुलीच्या घरी होते.

या 'बघू'मागची कारणे आम्ही शांतपणे ऐकली. ती खोटी नाहीत. पहिले, जवळपास उर्दू माध्यमाचे कनिष्ठ महाविद्यालय नाही, मराठीत कसे जमेल? तर तिची रफ वही उघडून पाहा. दहा वर्षे ती दोन्ही बाजूंनी लिहीत आली आहे. पहिले दोन महिने जड जातील, मग जमेल. दुसरे, जाण्यायेण्याचे. शाळा-कॉलेजच्या मुलींना बारावीपर्यंत एसटीचा मोफत पास आहे, आणि एकाच गावच्या चार मुलींनी एकाच कॉलेजात नाव घातले तर सोबतही होते. तिसरे, पुढचा खर्च. वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस घरांतल्या मुलींना व्यावसायिक पदवीचे शिक्षण व परीक्षा शुल्क २०२४-२५ पासून राज्य शासनाने माफ केले आहे. आपल्यातल्या अनेक बिरादऱ्या ओबीसीत येतात. दाखले मात्र आजच काढायला घ्यावेत, ऐन वेळी सेतू केंद्रावर रांग असते.

चौथे कारण कोणी उघड बोलत नाही. चांगले स्थळ आले तर? आमचे एवढेच म्हणणे आहे की चांगले स्थळ शिकलेल्या मुलीच्या घराचाही पत्ता विचारते. आणि सोळा वर्षांच्या मुलीला अजून शिकण्याचेच वय आहे.

२०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले आहेत. पूर्वी मास्तरांच्या ओळखीने जून-जुलैत केव्हाही नाव घालता येई, आता अर्ज भरला नाही तर यादीत नावच येत नाही. फेऱ्या एकापेक्षा जास्त आहेत, पहिली चुकली तरी पुढची आहे. पण 'बघू बघू' करता शेवटची फेरी निघून जाते आणि मग घरातले सगळे खऱ्या अर्थाने 'आमची इच्छा होती' असे म्हणतात.

हा अंक हाती येईपर्यंत त्या नऊपैकी पाच घरांचे अर्ज भरून झाले आहेत. उरलेल्या चार घरी आम्ही याच आठवड्यात पुन्हा चहाला जाणार आहोत, आणि सोबत मॉनिटरबाईंना नेणार आहोत. 'पहिलवाना'ने विज्ञान शाखेचा अर्ज सगळ्यांच्या आधी भरला आहे आणि मैत्रिणींच्या अम्मींना फॉर्म कसा भरायचा हे मोबाइलवर दाखवण्याचे काम तिने आपणहून घेतले आहे. आमच्या वाचकांच्या घरातही यंदा दहावी पास झालेली एखादी मुलगी असेल, तर तिचा अर्ज भरला का, एवढे आज रात्री जेवताना विचारावे. उत्तर 'बघू' आले, तर उद्या सकाळी टीसी आणि गुणपत्रिका घेऊन तिच्यासोबत बाहेर पडावे. तालीम, मराठीतली असो की उर्दूतली, रोज गेल्याशिवाय होत नाही.