प्रदर्शनातील गजर आणि शाळेची जबाबदारी

शालेय विज्ञान प्रदर्शनात फेरफटका मारला, की काही उपकरणे हमखास भेटतात. ठरल्या वेळी आपोआप वाजणारी घंटा, ओळखपत्र टेकवताच लागणारी हजेरी, टाकी भरताच थांबणारा पंप आणि गॅसगळती होताच कर्कश वाजणारा गजर. परीक्षक कौतुक करतात, पारितोषिक मिळते, छायाचित्र छापून येते. त्यानंतर मात्र अनेकदा उपकरण प्रयोगशाळेच्या कपाटात जाते आणि दुसऱ्या दिवशी घंटा शिपाईच वाजवतो.

अशा उपकरणांसाठी लागणारे साहित्य आता दुर्मीळ राहिलेले नाही. इटलीत २००५ मध्ये विद्यार्थ्यांसाठी तयार झालेल्या ‘आर्डुइनो’चा आराखडा सर्वांसाठी खुला असल्याने त्यावर बेतलेली सर्किटे काहीशे रुपयांत मिळतात. नीती आयोगाच्या अटल नवोन्मेष अभियानाने २०१६ पासून सहावी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी शाळाशाळांतून प्रयोगशाळा उभारण्यास सुरुवात केली. त्यासाठी प्रत्येक शाळेला २० लाख रुपयांपर्यंत अनुदानाची तरतूद झाली. सुमारे दहा हजार प्रयोगशाळा झाल्यानंतर २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात सरकारी शाळांत पाच वर्षांत आणखी ५० हजार उभारण्याची घोषणा करण्यात आली. म्हणजे अशी उपकरणे वाढतच जाणार. त्यांचे शाळेने करायचे काय, या प्रश्नाचे उत्तर मात्र अनुदानाच्या रकमेत सापडत नाही.

घंटेचेच उदाहरण घ्यावे. तिच्यातील घड्याळाच्या चिपला नाण्याएवढी बॅटरी असते. त्यामुळे वीज गेली तरी वेळ चुकत नाही. चांगल्या चिपमध्ये वर्षाकाठी जेमतेम मिनिटभराचा फरक पडतो. अडचण निराळीच असते. परीक्षेचे वेळापत्रक लागले, शनिवारची शाळा सकाळची झाली, की प्रोग्राम बदलावा लागतो आणि तो लिहिणारा विद्यार्थी तोवर दहावी होऊन गेलेला असतो. पाने-दोन पानांची माहितीपुस्तिका आणि खालच्या वर्गातील दोघांना दिलेले प्रशिक्षण एवढ्याने हा प्रश्न सुटतो. शिवाय घंटा बिघडली तर फार तर एखादा तास लांबतो.

हजेरीचे तसे नाही. यंत्र कार्ड ओळखते, मूल ओळखत नाही. मित्राचे कार्ड दुसऱ्याने टेकवले, की घरी ‘पाल्य शाळेत पोहोचला’ असा संदेश जातो आणि पालक निर्धास्त होतात. शिवाय मुलांच्या ये-जा करण्याच्या नोंदी कुठे साठतात आणि कोण पाहतो, हाही प्रश्न आहे. २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीचे तत्त्व स्वीकारले. शिक्षणसंस्थांना नियमांत काही सवलती असल्या, तरी माहिती जपण्याची जबाबदारी त्यांना टळत नाही.

खरी कसोटी लागते ती गॅसच्या गजराची. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळती जमिनीलगत साचते. सेन्सर छताजवळ बसवला, तर गजर उशिरा वाजतो. स्वस्त सेन्सरमधील तापकाला सतत वीज लागते, म्हणून बॅटरीची सोय नसेल तर भारनियमनाच्या वेळी तो मुका होतो. प्रदर्शनाच्या टेबलावर लायटर धरून घेतलेल्या चाचणीत यातले काहीच उघड होत नाही.

शाळेतील आगीची किंमत देशाने मोजलेली आहे. तमिळनाडूतील कुंभकोणम येथे १६ जुलै २००४ रोजी शाळेच्या स्वयंपाकघरातून उठलेली आग गवती छपरापर्यंत पोहोचली आणि ९४ मुले मृत्युमुखी पडली. त्यानंतर सुरक्षित शाळा हा शिक्षणाच्या हक्काचाच भाग असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये स्पष्ट केले आणि शाळांत अग्निशमन साधने बसविण्याचे आदेश दिले. महाराष्ट्रात बदलापूरच्या घटनेनंतर ऑगस्ट २०२४ मध्ये शाळांना सीसीटीव्ही सक्तीचे झाले. परंतु कॅमेरा असो वा गजर, तो चालू आहे की नाही हे पाहणारा माणूस नेमलेला नसेल, तर उपकरण असल्याने सुरक्षिततेचा केवळ आभास निर्माण होतो. हा आभास उपकरण नसण्याहूनही घातक ठरू शकतो.

म्हणूनच सोय आणि सुरक्षितता यांतील सीमारेषा शाळांनी आधी आखली पाहिजे. घंटा, पंप, वर्गातील दिवे-पंखे ही कामे विद्यार्थ्यांच्या उपकरणांकडे खुशाल सोपवावीत. ती चुकली, तरी चुकीतून शिकता येते. आग, गॅस आणि मुलांची ये-जा या बाबतीत मात्र प्रमाणित उपकरण, ठरावीक मुदतीची तपासणी आणि नावानिशी जबाबदार व्यक्ती यांना पर्याय नाही. विद्यार्थ्यांचे उपकरण तिथे जोडीला असावे, एकमेव आधार म्हणून नव्हे.

याचा अर्थ त्या गजराला मोल नाही, असा मुळीच नाही. एखादा आठवीतील विद्यार्थी पोषण आहाराच्या स्वयंपाकघरासाठी गजर बनवतो, तेव्हा तिथे धोका आहे हे त्याने मोठ्यांच्या आधी हेरलेले असते. ते उपकरण म्हणजे तारा आणि दिव्यांच्या भाषेत लिहिलेला तक्रारअर्जच असतो. मुख्याध्यापक, संस्थाचालक आणि शालेय व्यवस्थापन समिती यांनी त्याला पारितोषिक जरूर द्यावे. पण त्याच आठवड्यात सिलिंडरची नळी, रेग्युलेटर आणि बाहेर पडण्याचा दरवाजाही तपासावा.