के'गारीचे डिंगो बघा, पण गाडीतून

ब्रिस्बेनला लेकाकडे किंवा लेकीकडे सुट्टीला गेलात, की कधी ना कधी के'गारी बेटाचा बेत निघणारच. पूर्वीचं फ्रेझर आयलंड ते हेच. तिथल्या बुचुल्ला लोकांनी दिलेलं जुनं नाव २०२३ मध्ये अधिकृतपणे परत आलं. सव्वाशे किलोमीटरच्या आसपास लांब, सगळं वाळूचं. इथे डिंगो, म्हणजे ऑस्ट्रेलियातले रानकुत्रे, मोकळे हिंडतात. जरूर बघा, पण शक्यतो गाडीत बसूनच.

घोळ असा, की डिंगो दिसतो आपल्या गल्लीतल्या कुत्र्यासारखाच. तांबूस अंग, उभे कान, आत गेलेलं पोट. ‘उपाशी दिसतोय बिचारा’ म्हणत आपला हात चकलीच्या डब्याकडे जातो. तो जातीनंच सडपातळ असतो. कृपा करून काही टाकू नका. माणसाकडून एकदा खायला मिळालं की तो पुढच्या माणसाकडे मागायला येतो, मग हिसकावतो, मग चावतो. २००१ मध्ये इथे नऊ वर्षांच्या मुलाचा जीव गेला. फार धीट झालेल्या डिंगोला शेवटी मारून टाकतात. चकली देणाऱ्याचं पुण्य ते एवढंच. दंडही जबर आहे. २०२३ मध्ये डिंगोंजवळ जाऊन सेल्फी काढणाऱ्या दोघींना प्रत्येकी दोन हजार डॉलरहून जास्त दंड झाला.

मुलांना हात पुरेल इतक्या जवळ ठेवा, थोराडलेल्यांनासुद्धा. एकट्यानं किनाऱ्यावर धावायला जाऊ नका. चालायला निघताना चौघं मिळून निघा, हातात काठी असू द्या. खाण्याचे डबे, कचरा, गळाला लावायचं आमिष, सगळं गाडीत कुलूपबंद. तंबूत बिस्किटाचा पुडाही नको.

डिंगो समोर आलाच तर ‘हाड् हाड्’ करत हात उगारायची आपली सवय आवरा. पळू तर मुळीच नका. ताठ उभे राहा, हातांची छातीवर घडी घाला, त्याच्याकडे तोंड ठेवून सावकाश मागे सरका आणि सोबतच्यांना खणखणीत हाक मारा. अंगावर धावून आला तर मात्र काठी, पिशवी, हाताला लागेल त्यानं जोरात प्रतिकार करा.

आपल्याकडच्या शाळांची एप्रिल-मेची सुट्टी नेमकी डिंगोंच्या माजाच्या दिवसांत येते आणि तेव्हा ते जास्त बिथरलेले असतात. त्या वेळी नातवंडांना नेणार असाल, तर मुक्कामाला कुंपण असलेलीच जागा निवडा. युरॉन्ग आणि हॅपी व्हॅली ही गावं तशी आहेत.