हृद्रोग्याचा व्यायाम आणि त्याची औषधे

हृदयविकाराच्या झटक्यातून उठलेल्या मनुष्यास वैद्यकशास्त्र पूर्वीप्रमाणे आठवडेच्या आठवडे अंथरुणास खिळवून ठेवीत नाही, उलट त्याने नित्य चालावे असा आग्रह धरते, ही फार मोठी सुधारणा होय. परंतु त्याच मनुष्याच्या हाती औषधांची जी चिठ्ठी दिली जाते, तिच्यात कोणती गोळी जेवणापूर्वी आणि कोणती जेवणानंतर याचा तपशील बिनचूक असूनही, त्या गोळ्यांच्या अमलाखाली शरीर चालताना कसे निराळे वागते याविषयी बहुधा एक अक्षरही नसते. ही उणीव किरकोळ नव्हे, असे माझे स्पष्ट मत आहे.

पुण्यात पर्वतीच्या पायऱ्यांवर पहाटे दिसणारे साठीचे एखादे गृहस्थ घ्या. २२० मधून वय वजा करावे आणि उरलेल्या १६० च्या सत्तर टक्के, म्हणजे ११२ ठोक्यांपर्यंत नाडी न्यावी, हा हिशेब त्यांनी कोठेतरी वाचलेला असतो. मनगटावरचे घड्याळ मात्र ९६ च्या पुढे सरकत नाही. सोबतचा स्नेही म्हणतो, "अहो, जरा दमाने घ्या". त्यावर "ठोके अजून शंभराच्या आतच आहेत हो," एवढे उत्तरही त्यांना सलग देता येत नाही, आणि तरी ते पाऊल अधिकच उचलतात.

वस्तुतः घड्याळही खरे असते आणि दमही खरा असतो. चुकीचा असतो तो हिशेब. श्रमाच्या वेळी अ‍ॅड्रेनॅलिनसारखी द्रव्ये हृदयातील पेशींच्या ज्या ग्राहकांना चेतवून ठोके वाढवितात, ते ग्राहक मेटोप्रोलॉल, अटेनोलॉल यांसारख्या बीटा ब्लॉकर गोळ्या अगोदरच अडवून बसतात. हृदयास अधिक रक्त पुरविण्याच्या खटाटोपापेक्षा त्याची प्राणवायूची गरजच कमी करावी, हा विचार सर जेम्स ब्लॅक या स्कॉटिश शास्त्रज्ञाने मांडला, त्यातून १९६० च्या दशकात प्रोप्रॅनोलॉल हे औषध सिद्ध झाले, आणि १९८८ साली ब्लॅक यांस नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. तेव्हा नाडी मंद राहणे हे त्या गोळीचे विहित कार्यच आहे, आणि निरोगी माणसासाठी काढलेला आकडा तिच्यावर लादणे धोक्याचे आहे. अशा रुग्णाने श्वासास प्रमाण मानावे: चालताना बोलता यावे, गाता मात्र येऊ नये, इतपत श्रम सामान्यतः पुरे. स्वीडनच्या गुन्नार बोर्ग यांनी श्रमाच्या जाणिवेचे ६ ते २० असे जे माप बसविले, त्यातील ११ ते १३ ची पायरी ती हीच.

मधुमेहही असेल तर प्रकरण अधिक नाजूक होते. रक्तातील साखर उतरल्याची वर्दी देणारी धडधड आणि हातांचा कंप ही दोन्ही लक्षणे याच गोळीने झाकली जातात. घाम तेवढा उरतो, आणि चढणीवर आलेला घाम चढणीचाच समजला जातो. इन्सुलिन घेणाऱ्या रुग्णास हे कोणी समजावून सांगितले नाही, तर दोष त्याच्या माथी मारता येणार नाही.

इतर औषधांचेही आपापले धर्म आहेत. अ‍ॅम्लोडिपिन, रॅमिप्रिल यांनी रक्तवाहिन्या सैलावलेल्या असतात, म्हणून जोराने चालून एकदम थांबल्यास रक्त पायांत साचून घेरी येते. शेवटची पाचदहा मिनिटे संथ चालण्यात घालवावीत. छातीत दुखू लागताच चालणे थांबवून, सॉर्बिट्रेट जिभेखाली ठेवण्यापूर्वी खाली बसावे. लघवीची गोळी घेणाऱ्याच्या शरीरातून पाण्याबरोबर पोटॅशियमही जाते, आणि हृदय दुर्बळ असल्यास पाण्यावरही मर्यादा घातलेली असते. अशा माणसाने विदर्भातल्या मे महिन्यात उन्हे चढण्यापूर्वीच फिरणे आटोपावे. स्टॅटिनमुळे क्वचित स्नायू दुखतात. दुखणे तीव्र असेल व लघवी गडद होत असेल, तर विलंब न करता डॉक्टरांस कळवावे.

हे वाचून कोणी गोळीच बंद करील, ही मला खरी भीती वाटते. बीटा ब्लॉकर एकाएकी सोडल्यास छातीतील कळ उसळून येते, प्रसंगी झटकाही येतो. मात्रेत फेरफार करण्याचा अधिकार डॉक्टरांचाच. मात्र तितक्याच निक्षून माझे डॉक्टरांस सांगणे आहे की, रोगनिदानासाठी ट्रेडमिल चाचणी घेताना ही गोळी कधी थांबविण्यास सांगितली जाते हे खरे, परंतु रुग्णाने रोज किती वेगाने चालावे हे ठरविणारी चाचणी गोळी नेहमीच्या मात्रेत व नेहमीच्या वेळी घेतलेली असतानाच व्हावी, तीतून निघालेली नाडीची मर्यादा औषधांच्या चिठ्ठीवर स्वहस्ते लिहून द्यावी, आणि मात्रा बदलेल त्या दिवशी जुना आकडा खोडून टाकावा.