फॉरमॅट म्हणजे दुरुस्ती नव्हे
(तृतीय वर्ष कला)

कलाशाखेच्या वार्षिक अंकात संगणकाच्या दुरुस्तीवर लेख पाहून काहींच्या भुवया उंचावतील. हा विषय विज्ञानवाल्यांचा, आपण आपले संतवाङ्मय आणि नवकाव्य वाचावे, असेही कोणी म्हणेल. परंतु आज आपले निबंध, प्रकल्प, शिमग्यात टिपून आणलेली नमने, आजीकडून उतरवून घेतलेल्या ओव्या, फार काय या अंकाचे मुद्रणप्रतीचे साहित्यसुद्धा संगणकाच्या पोटात असते. त्या पोटावर शस्त्रक्रिया होत असताना आपण दाराबाहेर बसून राहायचे काय, हा प्रश्न साहित्याच्या विद्यार्थ्याचाही आहे.

हा प्रश्न आताच निकडीचा होण्यास कारण आहे. २०१५ साली आलेल्या ‘विंडोज १०’ या ऑपरेटिंग सिस्टीमचा सर्वसाधारण आधार मायक्रोसॉफ्ट कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविला. तेव्हापासून घरोघरी आणि कार्यालयांतून जुन्या डेस्कटॉपवर ‘विंडोज ११’ चढविण्याचा खटाटोप सुरू झाला. नव्या प्रणालीच्या अटी कडक. टीपीएम २.० नावाची सुरक्षा-सोय हवी, किमान ४ जीबी रॅम हवी, प्रोसेसर ठरावीक पिढीचा हवा. परिणामी अनेक ठिकाणी अपग्रेड अर्ध्यावर अडते, संगणक पुन्हापुन्हा बंद-चालू होतो, किंवा काळ्या पडद्यावर गोल फिरत राहतो. त्यातच आपल्या कोकणातला पावसाळा! ऐन अपग्रेडच्या वेळी लाईट गेली, तर दोष द्यायचा कोणाला?

अशा वेळी सर्वत्र एकच मंत्र ऐकू येतो : ‘फॉरमॅट मारा.’ सीपीयू पिशवीत घालून एसटीने रत्नागिरी गाठावी, संध्याकाळी तो कोरा करकरीत होऊन परत यावा, आणि आपण ‘दुरुस्त झाला’ म्हणून समाधान मानावे! माझे स्पष्ट मत असे, की याला दुरुस्ती म्हणत नाहीत. कलमाला भिरुडाची कीड लागली म्हणून बागायतदार कलम तोडत नाही. तो खोडावरचा भुसा पाहतो, भोक शोधतो, तार घालून अळी काढतो, औषध घालून भोक चिखलाने लिंपतो. जे शहाणपण आपण आंब्याच्या झाडाला दाखवतो, तेच संगणकाला दाखवायला काय हरकत आहे?

संगणकाचा भुसा म्हणजे पडद्यावर येणारा त्रुटीचा क्रमांक. तो न वाचताच आपण ‘ओके’ दाबून मोकळे होतो. वास्तविक त्यातच रोगाचे नाव असते. ‘सी १९००१०१’ असे आकडे दिसले, तर दोष बहुधा एखाद्या ड्रायव्हरचा, म्हणजे प्रिंटर वा ग्राफिक कार्ड यांना संगणकाशी जोडणाऱ्या सॉफ्टवेअरचा असतो. अशा वेळी जादा जोडलेली उपकरणे काढावीत, बाहेरून घेतलेला अँटिव्हायरस उतरवावा, ड्रायव्हर नवे घालावेत आणि पुन्हा प्रयत्न करावा. ‘८००७००७०’ आले, तर डिस्कवर जागा नाही एवढाच अर्थ. निदान २० जीबी मोकळी करावी. टीपीएम नाही म्हणून नकार आला, तरी लगेच नवा संगणक घेण्याची घाई नको. पुष्कळ यंत्रांत ती सोय असते, पण बायॉसमध्ये बंद ठेवलेली असते.

संगणक सुरूच होत नसेल, तरीही वाट खुंटत नाही. सुरू होताना दोन-तीन वेळा लागोपाठ अडखळला, की विंडोज बहुधा स्वतःच दुरुस्तीचा पडदा पुढे करते. तिथून सेफ मोडमध्ये जाता येते, शेवटचे अपडेट काढता येते, पूर्वस्थितीला परतता येते. अपग्रेड पार पडले पण काम नीट होत नसेल, तर साधारणतः १० दिवसांच्या आत मागे फिरण्याचीही सोय आहे. हे काहीच जमले नाही, तर पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून आपल्या फाइली दुसरीकडे उतरवून घ्याव्यात. मात्र डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल, तर तिची ४८ आकडी किल्ली आधीच वहीत लिहिलेली हवी. एका वेळी एकच उपाय करावा आणि काय केले ते टिपून ठेवावे. फॉरमॅट हा या साऱ्यानंतरचा, अगदी शेवटचा उपाय.

थोरामोठ्यांची यंत्रेही अशीच आजारी पडतात. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक कोलमडले. आपल्याकडच्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. त्यावरचा उपाय काय होता? सेफ मोडमध्ये जाऊन एक सदोष फाइल पुसणे! उलट ऑक्टोबर २०१८ मध्ये खुद्द विंडोज १० च्याच एका मोठ्या अपडेटने काही लोकांच्या फाइली नाहीशा केल्या आणि कंपनीला ते काही दिवसांत मागे घ्यावे लागले. तात्पर्य, आजार लहान असू शकतो आणि औषधही चुकू शकते. म्हणून प्रत आधी, अपग्रेड नंतर.

मराठी माणसाचे तर यात दुहेरी नुकसान होते. आपले जुने लेखन श्रीलिपी, आकृती अशा युनिकोडपूर्व फॉन्टांत पडून आहे. फॉरमॅटमध्ये फॉन्ट गेला, की वाचवलेली फाइलसुद्धा रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी होऊन समोर येते. देवनागरीला युनिकोडमध्ये स्थान १९९१ सालीच मिळाले; तरी आपण ते लेखन अजून त्यात आणलेले नाही.

दुकानदार मंडळींना मी सर्वस्वी दोषी धरणार नाही. दोष शोधायला अर्धा दिवस लागतो, फॉरमॅटला तास-दोन तास. आणि मजुरी आपण दोन्हींची सारखीच देतो. शिवाय ‘लवकर द्या’ असा धोशाही आपलाच! ‘आधी फाइली काढून घ्या, मग हात लावा’ एवढे वाक्य जरी आपण ठामपणे बोललो आणि त्या श्रमाचे पैसे आनंदाने दिले, तरी पुष्कळ अनर्थ टळेल.

आपल्या महाविद्यालयापुरत्या माझ्या तीन सूचना आहेत. अपग्रेड दिवाळीच्या सुटीत करावे. परीक्षेच्या तोंडावर किंवा भर आषाढात नको. प्रत्येक संगणकाजवळ एक वही असावी. तीत त्रुटीचा क्रमांक आणि केलेला उपाय लिहावा. आणि वार्षिकाचे जुने साहित्य विद्यार्थ्यांनीच युनिकोडमध्ये आणून त्याच्या दोन प्रती दोन ठिकाणी ठेवाव्यात.

जुन्या पोथ्या वाळवीने खाल्ल्या म्हणून आपण हळहळतो. वाळवीला निदान अक्षर कळत नव्हते. आपल्याला कळते; म्हणून पडद्यावर जे उमटले आहे ते आधी वाचू या, आणि मगच बटणाला हात लावू या.