चला, आपल्या मेंढ्यांकडे परतू

एखाद्या फ्रेंच माणसाने ‘त्याने मला ससा ठेवला’ अशी तक्रार केली, तर ससा शोधू नये. ठरल्या वेळी न येऊन ताटकळत ठेवले, एवढाच त्याचा अर्थ. ‘सफरचंदांत पडणे’ म्हणजे घेरी येणे. व्याकरण पक्के असलेला विद्यार्थीही पॅरिसमध्ये गोंधळतो, तो अशा ठिकाणी.

मग तो वाक्प्रचारांची यादी पाठ करतो आणि प्रत्येक वाक्यात एकेक पेरतो. त्याने बोलणे सहज होत नाही, उलट नाटकी होते. ‘हा काही समुद्र प्यायचा नाही’, म्हणजे काम तितके कठीण नाही, हा वाक्प्रचार पाहावा. पुस्तकी फ्रेंचमध्ये नकारासाठी ‘न’ आणि ‘पा’ ही दोन्ही पदे लागतात. बोलताना ‘न’ गळतो आणि ‘से पा ला मेर आ ब्वार’ एवढेच उरते. हा गळलेला ‘न’ ज्याला साधला, त्याचे फ्रेंच दहा वाक्प्रचार घोकणाऱ्यापेक्षा अधिक घरचे वाटते.

खरा धोका सोप्या शब्दांत असतो. ‘पा तेरिब्ल’ म्हणजे शब्दशः ‘भयंकर नाही’. पाहुण्याने यजमानीणबाईंच्या स्वयंपाकाला भाबडेपणाने तसे म्हटले, तर त्यांचा चेहरा उतरेल. कारण त्याचा रूढ अर्थ ‘सुमारच आहे’ असा होतो. औचित्यही सांभाळावे लागते. सशाची तक्रार मित्राजवळ शोभते, कर्जाच्या अर्जात नव्हे.

मात्र ‘आपल्या मेंढ्यांकडे परतू’, म्हणजेच ‘मूळ मुद्द्यावर येऊ’, हे कोठेही निःशंकपणे म्हणावे. त्याचे मूळ १५व्या शतकातील पातलँ वकिलाच्या प्रहसनात आहे. हा वकील एका कापड व्यापाऱ्याकडून उधारीवर कापड नेतो आणि आजाराचे सोंग करून पैसे बुडवतो. पुढे तोच व्यापारी मेंढ्यांच्या प्रकरणी आपल्या मेंढपाळावर फिर्याद करतो. न्यायालयात पाहतो, तर प्रतिपक्षाचा वकील पातलँच! बिचारा मेंढ्या सोडून कापडाविषयीच बोलू लागतो आणि न्यायाधीश त्याला पुनःपुन्हा मेंढ्यांकडे वळवतात. (उधारी बुडालेल्या माणसाला दुसरे सुचणार तरी काय?) मेंढपाळाला मात्र वकिलाने पढवलेले असते, की प्रत्येक प्रश्नाला मेंढीसारखे ‘बेंऽ’ एवढेच उत्तर द्यावे. खटला निकाली निघतो, मेंढपाळ सुटतो. वकील आपली फी मागतो.

मेंढपाळ म्हणतो, ‘बेंऽ!’