जोडी नको, घोळका हवा



आफ्रिकन सिक्लिड माशांची ‘एक जोडी दोन फुटी टाकीत, लाकडाचा ओंडका ठेवून’ पाळा, हा मागच्या अंकातला सल्ला वाचून राहवलं नाही. मलावी सरोवरातले म्बुना हे आफ्रिकन सिक्लिडच, ते खडकांत राहतात. पाणी कठीण, पीएच आठच्या आसपास. ओंडका पाण्याला आम्लतेकडे नेतो. आमच्या पुण्यात नळाचं पाणी मऊ, म्हणून मी फिल्टरमध्ये शिंपल्यांचा चुरा घालतो.

जोडीचं म्हणाल, तर नर सगळा राग एकटीवर काढतो. माझ्या पहिल्या मादीची शेपटी आठवड्यात कुरतडून निम्मी झाली होती. चार फुटी टाकी, नरामागे तीन-चार माद्या आणि थोडी दाटीच हवी, म्हणजे मार वाटला जातो. (फिल्टर मात्र दणकट घ्या.) दगड आधी, वाळू नंतर. हे मासे उकिरडा उकरल्यासारखी वाळू उपसतात. माझा वाळूवर रचलेला दगड रात्री कोसळला, काच थोडक्यात वाचली.

म्बुना मुख्यतः दगडावरचं शेवाळ खरवडून खातात. ब्लडवर्म अळ्यांच्या रोजच्या खुराकाने त्यांचं पोट फुगतं.

त्या सल्ल्यातला एक मुद्दा मात्र मान्य: तोंडात अंडी धरलेल्या मादीला छेडू नये. तीनेक आठवडे ती गालफडं फुगवून, जवळजवळ उपाशीच फिरते.

– एक वाचक, पुणे