शकुंतलेला धनी पुष्कळ, राखणदार एकही नाही

१/ पन्नास वर्षांची मोटार वारसा ठरते, तर शंभर वर्षांचे रेल्वे इंजिन भंगार कसे ठरते? प्रश्न यवतमाळचा आहे. उत्तर मात्र जुन्या यंत्रांवर प्रेम करणाऱ्या प्रत्येकाने द्यावयाचे आहे. (थ्रेड)

२/ प्रथम मोटारीविषयी. जुन्या गाडीचा शौकीन आयुष्याची वीस-तीस वर्षे एका वाहनापायी घालवतो. बाजारात न मिळणारा सुटा भाग लेथवर घडवून घेतो, गंजलेला पत्रा कापून नवा जोडतो, कार्ब्युरेटर शंभरदा उघडतो. लोक त्याला वेडा म्हणतात. परंतु त्या वेडामुळेच गाडी चालती राहते.

३/ शासनानेही या वेडाची दखल घेतली. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत बदल करून पहिल्या नोंदणीपासून पन्नासहून अधिक वर्षे झालेल्या, मूळ रूपात राखलेल्या खासगी दुचाकी-चारचाकींना ‘व्हिंटेज’ दर्जा दिला. त्यांना ‘व्हीए’ अक्षरांचा स्वतंत्र क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षे. रोजच्या वापरास मनाई, प्रदर्शन व रॅलीस मुभा.

४/ आता यवतमाळकडे वळू. यवतमाळ ते मूर्तिजापूर हा ‘शकुंतले’चा मार्ग सुमारे ११३ किलोमीटरचा, रुळांतील अंतर ७६२ मिलिमीटर. दारव्हा, कारंजा या कापसाच्या मुलखातून तो मूर्तिजापूरला मुंबई-नागपूर मुख्य मार्गास मिळत असे. वऱ्हाडचा कापूस गिरण्यांपर्यंत व बंदरापर्यंत नेणे हेच त्याचे मूळ प्रयोजन.

५/ या मार्गावर १९२१ साली मँचेस्टरमध्ये बांधलेले वाफेचे इंजिन १९२३ पासून धावले. १५ एप्रिल १९९४ रोजी ते निवृत्त झाले आणि डिझेल इंजिन आले. सात दशके एकाच मार्गावर राबलेले यंत्र! इतकी सेवा प्रदर्शनातल्या किती मोटारींच्या वाट्याला आली असेल?

६/ परंतु शकुंतलेचा विषय निघाला की चर्चा एकाच वळणावर जाते: ‘ब्रिटिशांच्या मालकीची शेवटची रेल्वे, आजही आपण त्यांना पैसे मोजतो!’ संदेश चवीने पुढे पाठवला जातो, संताप व्यक्त होतो आणि इतिहास तेथेच संपतो.

७/ वस्तुस्थिती अधिक गुंतागुंतीची आहे. सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी १९१० मध्ये किलिक-निक्सन या पेढीने स्थापली. ही पेढी १८५७ पासून मुंबईत पाय रोवून होती आणि स्वातंत्र्यानंतर ती भारतीय हातांत आली. मार्गावर गाड्या चालवण्याचे काम करारान्वये ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेकडे होते. १९५१ मध्ये ती मध्य रेल्वेत विलीन झाली. शकुंतलेचा करार तेवढा मागे उरला.

८/ म्हणजे मार्ग कंपनीचा, गाडी सरकारी रेल्वेची, प्रवासी वऱ्हाडचे. मोटारीचा मालक एक असतो, म्हणून तिची निगा राखली जाते. येथे मालकीचे दावे अनेक आणि निगा कोणाचीच नाही. ‘मालक कोण’ या वादाने ‘सांभाळणार कोण’ हा प्रश्न गिळून टाकला. २०१६ मध्ये यवतमाळ-मूर्तिजापूर गाडी थांबली.

९/ यावर उत्तर मिळते, ‘आता ब्रॉडगेज होईल, मग जुन्याचे काय कौतुक?’ ब्रॉडगेज अवश्य व्हावे. वर्धा-यवतमाळ-नांदेड मार्गाचा वर्धा-कळंब टप्पा फेब्रुवारी २०२४ मध्ये खुला झाला, ही आनंदाचीच बाब. कापूस पिकवणाऱ्या जिल्ह्याला वेगवान रेल्वे नाकारण्याचा अधिकार कोणत्याही वारसाप्रेमीला नाही.

१०/ मात्र एक भेद विसरता कामा नये. दुरुस्त केलेल्या मोटारीला कोणताही रस्ता चालतो. दुरुस्त केलेल्या इंजिनाला त्याच मापाचे रूळ लागतात. सगळे अरुंद रूळ उखडले, तर उत्तम दुरुस्त झालेले इंजिनही चौथऱ्यावरचा पुतळाच ठरेल. म्हणून यवतमाळकडील आठ-दहा किलोमीटरचा पट्टा तरी राखून ठेवावा, ही मागणी अवाजवी नाही.

११/ हे अशक्य आहे काय? १९०७ ची पतियाळा मोनोरेल १९२७ मध्ये बंद पडली. पुढे रेल्वेच्याच अमृतसर कार्यशाळेने तिला पुन्हा चालते केले. १८५५ चे ‘फेअरी क्वीन’ १९९७ मध्ये पुन्हा रुळांवर धावले. वेल्समधील टॅलिलिन रेल्वे १९५१ पासून स्वयंसेवक चालवतात. नागपूरच्या मोतीबागेत तर २००२ पासून नॅरोगेजचे संग्रहालय उभे आहे. कौशल्य आहे, पूर्वानुभव आहे. इच्छाशक्ती तेवढी हवी.

१२/ भारताच्या १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात पुरावस्तूसाठी सर्वसाधारण वयोमर्यादा किमान १०० वर्षांची आहे. मँचेस्टरच्या त्या इंजिनाने २०२१ मध्ये शंभरी गाठली. नेमक्या त्याच वर्षी पन्नाशीच्या मोटारीला सन्मानाचा क्रमांक मिळाला. एकीला सन्मान आणि दुसऱ्याला उपेक्षा का? मोटार श्रीमंताच्या वाड्यातली होती आणि इंजिन शेतकरी-मजुरांचे, एवढेच कारण असेल, तर त्याला वारसाप्रेम म्हणू नये.

१३/ तरुण इतिहासप्रेमींनी मालकीचा तो जुना संदेश पुढे पाठवणे थांबवावे. त्याऐवजी स्थानकांची छायाचित्रे जमवावीत, जुन्या गार्ड-फिटरांच्या मुलाखती नोंदवाव्यात, लोकप्रतिनिधींना त्या आठ-दहा किलोमीटरांविषयी लेखी विचारावे. रूळ जागेवर आहेत तोवरच या मागणीला अर्थ आहे.